कादंबरी, आठवणी आणि इतिहास : परिचय लिहिताना कशाला काय म्हणावे?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात :

‘तालुक्याच्या गावातील आमच्या सार्वजनिक वाचनालयात मी गेली तीन वर्षे दरमहा दोन पुस्तकांचा परिचय लिहून दारातल्या फलकावर लावते. गेल्या महिन्यात पानिपतावरील एका कादंबरीबद्दल “खरा इतिहास जिवंत करणारे पुस्तक” असे मी लिहिले, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी चारचौघांत सुनावले की, कादंबरीला इतिहास म्हणणे ही वाचकांची दिशाभूल आहे. त्याच आठवड्यात एका आईने नववीतल्या मुलासाठी “गोष्टीबिष्टी नकोत, खरे काय घडले ते सांगणारे” पुस्तक मागितले आणि मला चटकन काही सुचेना. “माझा प्रवास”चा परिचय अर्धवट पडून आहे, कारण त्याला इतिहास म्हणावे की आठवणी, हेच ठरत नाही. शिवाय गावातील एका गृहस्थांनी आपल्या आजोबांच्या आठवणींचे स्वखर्चाने छापलेले पुस्तक वाचनालयाला भेट दिले असून त्यावर मी “चार चांगले शब्द” लिहावेत, अशी त्यांची इच्छा आहे. पुस्तक मला यथातथाच वाटले. काय करावे?’

सप्रेम नमस्कार.

त्या शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. ते चारचौघांत बोलायला नको होते, ही गोष्ट वेगळी. मात्र त्यांच्या बोलण्याचा धसका घेऊन यापुढे प्रत्येक कादंबरीखाली ‘हे सर्व काल्पनिक आहे’ अशी सूचना लिहू लागलात, तर तीही दिशाभूलच होईल. पानिपतावरची कादंबरी काल्पनिक नसते. तिच्यातील लढाई झालेली असते, माणसे होऊन गेलेली असतात, बहुतेक तारखाही खऱ्या असतात. लेखकाच्या पदरचे असते ते त्या माणसांचे बोलणे, त्यांच्या मनातले विचार आणि तंबूच्या आत घडलेले प्रसंग. तुमचे वाक्य चुकले ते ‘जिवंत करणारे’ या शब्दांत नव्हे, ‘खरा’ या शब्दात. माझी सूचना अशी की, परिचय कोणत्याही पुस्तकाचा असो, लेखक कशाच्या जोरावर बोलतो आहे ते वाचकाला कळले पाहिजे : त्याने ते पाहिले आहे, कोणाकडून ऐकले आहे, कागदात वाचले आहे की मनाने रचले आहे. बहुतेक पुस्तकांत या चारही गोष्टींची सरमिसळ असते आणि ती कोणत्या प्रमाणात आहे हे सांगणे, हेच परिचय लिहिणाऱ्याचे काम असते. पुस्तक आवडले की नाही, हे त्यानंतर.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका कादंबरीचा परिचय लिहिताना मी मोठ्या थाटात लिहून गेलो की, ‘१४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, मराठ्यांवर संक्रांत कोसळली.’ वाक्य मला फार आवडले होते. आठवड्याभरात एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड आले. लढाई पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी झाली हे खरे, परंतु त्या साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती; आपल्याकडे ती आज १४ किंवा १५ जानेवारीला येते म्हणून ती पूर्वीही त्याच तारखेला येत असेल, असे समजणे चूक आहे, कारण दर ७० वर्षांनी ती साधारण एक दिवस पुढे सरकते. पटत नसेल तर स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख पाहा, असेही त्यांनी लिहिले होते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा. म्हणजे त्यापूर्वी शंभर वर्षे मागे गेले की संक्रांत १० किंवा ११ जानेवारीवर जाते. पंचांग उघडण्याचीसुद्धा गरज नव्हती, साधा त्रैराशिकाचा हिशेब होता, आणि तोही मी केला नव्हता. कादंबरीकाराला ते वाक्य लिहिण्याची मुभा होती, कारण त्याच्या पात्रांच्या आणि वाचकांच्या मनात ती संक्रांत आहेच; मी मात्र परिचय लिहीत होतो आणि त्याचे वाक्य माझ्या नावावर, खरे म्हणून, पुढे ढकलले होते. तेव्हापासून माझा नेम आहे की, परिचय लिहिण्यापूर्वी पुस्तकातील निदान एक जागा, आपल्याला सर्वांत आवडलेली, दुसरीकडे ताडून पाहायची. आवडलेलीच का, तर आपण फसतो ते तिथेच.

पानिपताच्या कादंबरीत ताडून पाहण्याजोगी एक चांगली जागा तुम्हाला सुचवतो. अशा पुस्तकांत गोविंदपंत बुंदेले पुष्कळदा चुकार, पैसे दडपणारा म्हातारा कारभारी म्हणून येतात आणि लष्कराची उपासमार त्यांच्या माथी मारली जाते. या समजाला आधार अगदीच नाही असे नव्हे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात भाऊसाहेबांची, म्हणजे पानिपतावरील मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांची, गोविंदपंतांना लिहिलेली पत्रे आहेत आणि त्यांत पैशाचा, रसदेचा तगादा आहे. पण पत्रे वाचताना हेही लक्षात येते की, तगादा लावणाऱ्याची बाजू आपल्यासमोर जितकी भरभरून येते तितकी ज्याला तगादा लावला त्याची येत नाही. आणि हेच गोविंदपंत डिसेंबर १७६०मध्ये, शत्रूची रसद तोडण्याच्या कामावर असताना, मारले गेले. कादंबरीला खलपुरुष लागतो, हे मी समजू शकतो. परिचयात एवढेच लिहावे की, लेखकाने गोविंदपंतांविषयी एक बाजू घेतली आहे. हे एक वाक्य लिहायला तुम्हाला वाचनालयातल्या मागच्या कपाटातील, कोणी न नेलेला एक खंड उघडावा लागेल. तो त्या निमित्ताने उघडला जाईल, हाही लाभच.

अशीच दुसरी जागा म्हणजे ‘ध चा मा’. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, रामशास्त्र्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले, एवढे इतिहासात पक्के आहे. आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही गोष्ट मात्र बखरींतून आणि लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली. तो फेरफार दाखवणारे मूळ पत्र कोणी पुढे ठेवलेले नाही. आता ती आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आहे आणि वाक्प्रचाराला कोणी पुरावा मागत नाही. ज्या कादंबरीत हा प्रसंग साक्षात दाखवला असेल, तिच्या परिचयात ‘आनंदीबाईंच्या कटाचे थरारक चित्रण’ असे लिहू नये, ‘प्रचलित कथेवर आधारलेले’ असे लिहावे. शब्द दोनच बदलतात, पण एका बाईवरचा आरोप पुन्हा एकदा आपल्या हातून शिक्का मारून पुढे जात नाही.

याचा अर्थ कादंबरीची किंमत कमी करा असा मुळीच नाही. १९६२ साली आलेल्या ‘स्वामी’ने माधवराव पेशवे घराघरांत पोचवले, ते त्याआधी कोणत्याही इतिहासग्रंथाला साधले नव्हते. सोळाव्या वर्षी पेशवेपद, पानिपताने खचलेले राज्य, क्षयाने पोखरलेले शरीर आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी आलेला मृत्यू, ही चौकट कागदोपत्री भक्कम आहे. रमा आणि माधव एकमेकांशी काय बोलले ते कागदात नाही. ते रणजित देसाई यांचे आहे आणि वाचकाचे डोळे ओले होतात ते नेमके तिथे. मी असा परिचय लिहीन की, ‘चौकट इतिहासाची, संवाद कादंबरीकाराचे’, आणि मग संवादांचे मनमोकळे कौतुक करीन. काही लोक कादंबरीची स्तुती तिच्या अचूकपणासाठी करतात, हे मला नेहमी चमत्कारिक वाटते. अचूकपणाच हवा असेल तर पेशवे दप्तराचे निवडक कागद ४५ खंडांत छापलेले आहेत, ते खुशाल वाचावेत. कादंबरीकडून आपल्याला माणूस हवा असतो. तो माणूस त्याच्या काळातला वाटतो का, की आजच्या सभेतले भाषण त्याच्या तोंडी घातले आहे, हे मात्र अवश्य पाहावे. अठराव्या शतकातला शिलेदार ‘राष्ट्र’ आणि ‘बलिदान’ या शब्दांत विचार करू लागला की मी पान उलटताना सावध होतो.

आता ‘माझा प्रवास’. तुमचा परिचय अडला आहे याचे मला बरे वाटले, कारण हे पुस्तक अडखळत वाचावे असेच आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले ते बंड पाहायला नव्हे. घरात कर्ज होते आणि ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील बायजाबाई मथुरेस मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा चांगली मिळेल, असे कानावर आले होते. वाटेत बंड उसळले, भटजी त्यात सापडले, १८५८च्या एप्रिलच्या आरंभी इंग्रज फौज झाशी शहरात शिरली तेव्हा ते शहरातच होते, लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. हे सगळे त्यांनी लिहून काढले ते साधारण २५ वर्षांनी, १८८३च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. छापले गेले १९०७ साली, लेखकाच्या निधनानंतर.

पुस्तकातील एक प्रसंग जवळून पाहू. झाशी पडल्यावर काळपीजवळ, पहाटेच्या वेळी, एका विहिरीवर भटजींना राणी लक्ष्मीबाई भेटतात. पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने सुकलेला चेहरा. भटजी पाणी ओढून द्यायला पुढे होतात. बाई म्हणतात, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी ओढू नये, मीच ओढून घेते. आणि मातीच्या भांड्यातले पाणी ओंजळीने पितात. मग त्या चार वाक्ये बोलतात, ज्यांचा मथितार्थ असा की, अर्ध्या शेर तांदळावर भागणाऱ्या माझ्यासारख्या विधवेला या उद्योगाची काही गरज नव्हती, पण धर्माच्या अभिमानाने यात पडले. आता परिचय लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावे : यातले काय पाहिलेले आहे? धूळ, मडके, ओंजळ, स्वतः पाणी ओढण्याचा हट्ट, या गोष्टी कोणी रचत नाही; रचणाऱ्याने राणीला ओंजळीने पाणी पाजले नसते. बोलण्यातली वाक्ये मात्र २५ वर्षे मनात घोळलेली आहेत आणि त्यांना सांगणाऱ्याच्या जिभेचे वळण लागले असणारच. भाव खरा, शब्दांची हमी नाही. याच पुस्तकात बंडाची कारणे सांगताना, इंग्रजांनी धर्म बुडवण्यासाठी कलमांची यादी काढली, अशी जी हकीकत येते ती पूर्णपणे ऐकीव आहे. तिला कारण म्हणून किंमत नाही, पण १८५७ साली रस्त्यावरचा माणूस काय ऐकत होता आणि कशावर विश्वास ठेवत होता, याचा ती अस्सल पुरावा आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, हे आठवणींचे पुस्तक आहे आणि म्हणूनच इतिहासकाराला ते लागते. ‘इतिहास’ हा शब्द शीर्षकात घालू नका. ‘झाशीच्या पाडावाच्या वेळी शहरात असलेल्या एका मराठी भिक्षुकाने पंचवीस वर्षांनी सांगितलेली हकीकत’ असे लिहा. कोणाही वाचकाला हे वाक्य ‘ऐतिहासिक दस्तऐवज’ या भारदस्त शब्दांपेक्षा अधिक ओढ लावील.

आणखी एक गोष्ट, जी परिचयांत हटकून गळते. तुमच्या कपाटातली प्रत कोणती आहे ते पाहा. वैद्यांनी १९०७ साली छापताना भाषा सारखी केली आणि काही मजकूर गाळला. पुढे मूळ हस्तलिखित त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले, म्हणून दत्तो वामन पोतदार यांना १९६६ साली गोडसे भटजींच्या स्वतःच्या शब्दांत ते पुस्तक छापता आले. दोन्हींचे नाव एकच, पण वाचनाचा अनुभव एक नाही. पहिल्यात गोष्ट सरळ चालते; दुसऱ्यात भटजी तुमच्या ओसरीवर बसून बोलतात, थांबतात, भलतीकडे जातात. वाचकाला कोणते देता आहात हे त्याला सांगा.

आठवणींच्या बाबतीत आणखी एक मोह टाळावा, तो म्हणजे एकाच माणसाची बाजू आली म्हणून तक्रार करण्याचा. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त रेव्हरंड टिळकांचे १८९५चे धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट येते ती सर्वस्वी मागे राहिलेल्या बायकोच्या नजरेने, आणि तीही जवळजवळ ४० वर्षांनी. तिच्याकडे संदर्भटीपा मागणे हास्यास्पद आहे. तिच्याकडे मागायचे ते एवढेच की, स्वतःची फजिती ती सांगते का? लक्ष्मीबाई ती इतकी हसत सांगतात की बाकीच्या गोष्टींवर आपोआप विश्वास बसतो. जो आठवणीकार प्रत्येक प्रसंगात शहाणा ठरतो, त्याच्या पुस्तकाला माझ्याकडून जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळतात.

इतिहासग्रंथांबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी नववीतल्या मुलाकडे जाताना त्यावरून जावे लागेल. ‘खरे काय घडले ते’ अशी हमी कोणताही चांगला इतिहासकार देत नाही. तो कशावरून म्हणतो हे दाखवतो आणि मग आपले मत ठामपणे मांडतो. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ पाहा. मते इतकी परखड की वाचकाला मधूनमधून पुस्तक मिटून येरझारा घालाव्यात असे वाटते, पण ज्या पुराव्यावर मत उभे आहे तो समोर असल्यामुळे आपल्याला त्यांच्याशी भांडता येते. ‘पानिपतावर लाख बांगडी फुटली’ ही म्हण आहे, मोजणी नव्हे. इतिहासग्रंथ जर तो लाखाचा आकडा कशावरून हे न सांगता देत असेल, तर मागे कितीही लांब संदर्भसूची असली तरी त्याला कादंबरीच्याच फळीवर ठेवावे, आणि तेही वाईट कादंबऱ्यांत.

त्या आईंना शेजवलकर देऊ नका, इतक्यात तरी नको. मुलगा दहा पानांत कंटाळेल आणि ‘खरा इतिहास’ म्हणजे कंटाळा, हे त्याच्या डोक्यात पक्के बसेल. आधी त्या मुलाला एकदा वाचनालयात बोलवा, कारण पुस्तक वाचायचे आहे ते त्याला, आणि त्याने अलीकडे काय आवडीने संपवले ते विचारा. काहीच सांगता आले नाही तर वैद्यांच्या आवृत्तीचा ‘माझा प्रवास’ द्या. ती गोष्ट आहे म्हणून मुलगा वाचील आणि घडलेली आहे म्हणून आईचे समाधान होईल. मात्र झाशीतल्या कत्तलीची वर्णने भेदक आहेत आणि जातीपातींविषयीचे उल्लेख त्या काळचे आहेत, हे आईंना आधी सांगून ठेवा. घरी गेल्यावर त्यांना ते अवचित दिसू नये. मुलाने पुस्तक परत आणले की त्याला विहिरीचा प्रसंग आठवतो का ते विचारा. आठवत असेल तर पानिपतावरची एखादी कादंबरी आणि शेजवलकरांचे एखादे प्रकरण अशी जोडी द्या, वेगवेगळी नको. एकाच दिवसाची दोन वर्णने शेजारी ठेवली की चौदा वर्षांच्या मुलालाही फरक कळतो, तो आपण समजावून सांगावा लागत नाही.

आता राहिले त्या गृहस्थांच्या आजोबांचे पुस्तक. ‘चार चांगले शब्द’ खोटे लिहू नका आणि कोरडे वाभाडेही काढू नका. घरच्या माणसाने प्रेमाने, पदरमोड करून छापलेल्या पुस्तकाला साहित्यसंमेलनाची फूटपट्टी लावण्यात काही मर्दुमकी नाही. अशा पुस्तकात भाषा बेताची असते, थोरामोठ्यांच्या भेटींची यादी असते आणि कंटाळा येतो, पण कुठेतरी मध्येच एखादे पान असते जिथे आजोबा बाजारात धान्य काय भावाने मिळत असे ते लिहितात, किंवा गावात पहिली मोटार आली तेव्हा बैल कसे उधळले ते. ते पान शोधा आणि परिचय त्या पानावर लिहा. बाकीच्याबद्दल ‘कौटुंबिक तपशील बराच आहे’ एवढे म्हटले तरी सुज्ञ वाचकाला कळते. पुस्तक यथातथा वाटले, असे तुम्ही म्हणता, पण ते आजोबांमुळे की नातवाच्या संपादनामुळे, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. म्हणून परिचय लिहायला बसण्याआधी त्यांच्याकडे एकदा चहाला जा आणि विचारा : आजोबांनी हे स्वतः लिहिले होते की सांगितले होते, लिहिले असेल तर ती वही कुठे आहे, आणि छापताना त्यातले काय गाळले? वही माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर ती खाली काढून कोरड्या जागी ठेवायला लावा, आणि त्यांची हरकत नसेल तर वाचनालयासाठी तिची एक प्रत मागून घ्या.